पायाखालची पावलं

माझे सासरे पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. चौतीस वर्षं. रस्त्याखालचा नळ नेमका कुठे फुटलाय, हे खणायच्या आधी सांगायचं, एवढंच काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक काठी होती. छातीएवढी लोखंडी सळई, खालचं टोक अणकुचीदार, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. टोक जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखायचा. पहाटे रस्त्यावर वर्दळ नसताना ते असे वाकून उभे दिसायचे. खात्यात सगळे त्यांना कानसेन म्हणत. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "जमिनीखाली चार हातांवर ठिबकलेलं ऐकू येतं यांना, आणि शेजारच्या खोलीतून मारलेली हाक नाही ऐकू येत."

निवृत्त झाल्यावर काठी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असायची. एका रविवारी दुपारी मी शेगडी घासत होते, तेव्हा बाबांनी ती उचलली आणि फरशीच्या सांध्यात टेकवली. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"सूनबाई, मोरीपासून खिडकीपर्यंत चाल बघू."

मी चालले.

"आता थांब. अजिबात हलू नकोस."

मी हातात घासणी घेऊन पुतळ्यासारखी उभी. त्यांनी कान काही काढला नाही. मग म्हणाले, "ये, तू ऐक."

माझा नवरा पाळी संपवून नुकताच आला होता. त्याला त्यांनी चालायला लावलं. तो कुरकुरत चालला. वाटीत मला त्याची पावलं ऐकू आली, चार. तो थांबला. मनात एक, दोन म्हणेपर्यंत काहीच नव्हतं. मग खालून चार पावलं आली. तेवढ्याच अंतराने. पण जड, आणि ओली. जणू ओल्या फरशीवर कोणी अनवाणी चाललं आणि आमच्याबरोबर थांबलं.

आमच्या घराला तळघर नव्हतं.

"प्रतिध्वनी असतो, बाबा," नवरा म्हणाला. "एवढं काय त्यात?"

"तेच म्हणतोय मी. प्रतिध्वनीला मोकळी जागा लागते. ही जागा कुठून आली?"

नवऱ्याने ताट पुढे ओढलं. तो गावाच्या टोकाला असलेल्या कारखान्यात पंपचालक होता. कारखाना सहा विहिरींतून दिवसरात्र पाणी उपसायचा आणि बाटल्यांत भरायचा. आमच्याकडची जमीन चुनखडीची. पाणी तिच्यात आतल्या आत वाटा कोरतं, आणि त्या वाटा भरलेल्या असतात तोवर तेच पाणी वरचं छप्पर तोलून धरतं. पाणी गेलं की उरतं ते भोक. हे बाबांनी मला त्या दिवशी पिठाचा डबा आणि पेला घेऊन समजावलं. नवरा ताटावरून उठता उठता म्हणाला, "वर्षात आठ मीटर उतरलंय." मग दारातून वळून म्हणाला, "हे मी बोललो नाही."

बाबा दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या भूजल कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाले, "काका, ऐकलं हा काही पुरावा होत नाही. मोजमाप आणा." कारखान्याने आणखी सहा विहिरींची परवानगी मागितली होती. राजधानीतल्या भूजल कार्यालयात महिन्याने त्याची सुनावणी होती. ज्याची हरकत असेल त्याने स्वतः हजर राहायचं.

राजधानी आमच्यापासून चारशे दहा किलोमीटर. नवरा म्हणाला, "बसने सात तास लागतात."

"बसने गेलो तर दोनच जागा कळतील. निघालो ती आणि पोचलो ती," बाबा म्हणाले. "चुनखडीचा पट्टा थेट राजधानीपर्यंत जातो. वाटेत असले कारखाने काय कमी आहेत? साहेबांना मोजमाप हवंय ना? आणतो."

ते चालत जाणार होते. आणि अनवाणी. "पोकळ जमीन आधी टाचेला कळते, मग कानाला. मध्ये रबर आलं की टाच बहिरी होते." बाबांना बारा वर्षं मधुमेह होता. डॉक्टरांनी घरातसुद्धा चपलेशिवाय फिरायचं नाही असं बजावलेलं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माहीत आहे."

"मग?"

"मग काय? पाय माझे आहेत."

मी मोजणी खात्यात नकाशे गिरवायचं काम करत होते. मोठ्या तावावर पातळ कागद ठेवायचा आणि हद्दी, रस्ते, विहिरी शाईने उतरवून घ्यायच्या. मला कळत होतं की बाबांनी कितीही ऐकलं तरी ते कागदावर कोणी नेमकं उतरवलं नाही तर पालथ्या घड्यावर पाणी. मी रजा मागितली. आमचे मुख्य म्हणाले, "एवढी रजा नाही मिळायची. गेलात तर परत आल्यावर जागा असेलच असं नाही." मी पट्ट्याचे सगळे ताव गिरवून घेतले आणि गेले. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, आम्ही निघताना, त्याने माझ्या पिशवीत मलमपट्टीचं सामान कोंबलं आणि दार आमच्या मागे लगेच लावून घेतलं.

रोज सोळा किलोमीटर. दर दोनशे पावलांवर बाबा थांबत, टाच आपटत, चार पावलं टाकत आणि काठीला कान लावत. खालून काही परत आलं नाही तर पुढे. आलं तर चुन्याचं वर्तुळ, आणि माझ्या तावावर लाल ठिपका. पहिल्या दिवशी तीन ठिपके पडले. लोकांना वाटायचं आम्ही रस्ता रुंद करायला आलोय. एकाने आम्हाला आग्रहाने चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, "आमची भिंत वाचेल ना?" बाबा म्हणाले, "ते भिंतीला विचारायला हवं." तो हसला. बाबा हसले नाहीत.

नवव्या दिवशी आम्ही एका बेकरीशी थांबलो. फळीवर पाव गार व्हायला ठेवले होते, आणि प्रत्येक पाव एकाच बाजूला कललेला. जणू सगळे मिळून पलीकडचं काही ऐकतायत. बेकरी चालवणारी बाई म्हणाली की भट्टीखाली तिने तीनदा पाचर मारली, महिनाभरात पुन्हा तेच. बाबांनी तिच्या हातात काठी दिली. मी पिठाच्या पोत्यांमधून चालले आणि थांबले. ती वाकून ऐकत राहिली. मग तिने कान काढला आणि हळू आवाजात म्हणाली, "ही तुमची पावलं नाहीत, ताई."

"म्हणजे?"

"तुम्ही सहा टाकलीत. सात आली."

बाबांनी वर्तुळ काढलं, तिला भट्टी बंद ठेवायला सांगितलं आणि आम्ही निघालो. अर्ध्या तासाने रस्त्यात म्हणाले, "दगड पडला असेल एखादा." मी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. न बोलायचं त्याने आमच्या निघण्याच्या दिवशीच सोडून दिलं होतं, पण आज त्याचा आवाज वेगळा होता.

"मी कारखान्यातली एक सळई घरी आणली. वरून पेला लावला आणि ऐकलं."

"मग?"

"तेव्हा दोन म्हणेपर्यंत वेळ लागायचा ना? आता एक म्हणायच्या आत येतात. मी स्वयंपाकघरात जात नाही आता. बाहेरच खातो."

मी बाबांना सांगितलं. ते पायाला पट्टी बांधत होते. "छप्पर ढासळतंय, म्हणून पोकळी वर सरकतेय," ते म्हणाले. "आपली फरशी आणि ती यांच्यातलं अंतर कमी झालं. त्याला म्हणावं, घर सोड." नवऱ्याने तेव्हा घर सोडलं नाही. पण रोज ऐकायचं आणि मला फोन करायचं, हे मात्र सुरू केलं.

सतराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, आम्ही एका कापड गिरणीच्या भिंतीला लागून चाललो होतो. बाबा थांबले. टाच आपटायच्या आधीच त्यांनी काठी टेकवली आणि मला खूण केली, चालू नकोस. मी चालत नव्हतेच. त्यांनी काठी माझ्याकडे दिली.

खाली कोणीतरी चालत होतं. ठप. ठप. ठप. सावकाश, न थांबता. मी वर पाहिलं. रस्ता दोन्हीकडे ओस. पुन्हा कान लावला, तर पावलं जवळ आलेली.

बाबांनी त्या आवाजाच्या कडेकडेने चुना टाकायला सुरुवात केली. रेघ अर्धा रस्ता घेऊन वळली आणि गिरणीच्या भिंतीत घुसली. पहारेकऱ्याने अडवलं, पण अनवाणी, पट्ट्या बांधलेल्या, हातात काठी घेतलेल्या म्हाताऱ्याला ढकलायचं कसं, हे त्या बिचाऱ्याला सुचलं नाही. आम्ही विणकामाच्या दालनात शिरलो. साठ माग एकदम चालू होते. काठीत त्या धडधडीशिवाय काहीच येईना. मग बाबा मागांच्या दोन रांगांमध्ये फरशीवर पालथे झाले आणि गाल जमिनीला लावला.

पर्यवेक्षक धावत आला. "आजोबा, उठा! काय लावलंय हे?"

"पाळी बाहेर काढा. मग उठतो."

"का?"

"खाली कोणी चालत नाहीये," बाबा म्हणाले. ते त्याला नाही, मला सांगत होते. "पोकळीचं छप्पर झडतंय. एकेक तुकडा."

पर्यवेक्षकाने माझ्याकडे पाहिलं, यांना आवरा अशा नजरेने. इतक्यात जवळच्या मागावरच्या बाईने, नुसतं काय चाललंय ते ऐकायला, आपला माग बंद केला. मग तिच्या शेजारणीने. मग पलीकडच्या रांगेने. एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा दालनात अशी शांतता पडली की सुताची धूळ खाली बसतानाही ऐकू आली असती.

आणि मग सगळ्यांनाच ते ऐकू आलं. काठीशिवाय. कानाला नव्हे, तळव्यांना. ठप. ठप.

कोणी ओरडलं नाही. कोणी पळालंही नाही. पहिल्या बाईने डबा उचलला आणि पाय न वाजवता, झोपलेल्या माणसाच्या उशाशी चालावं तशी, दाराकडे गेली. तिच्या मागोमाग सगळे. पर्यवेक्षकाने आणि मी बाबांना काखेत धरून उचललं. मग त्याने दालनाचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. सवय असेल.

गिरणीच्या मालकांनी तक्रार केली. संध्याकाळपर्यंत आम्ही पोलीस चौकीत बाकावर बसलो होतो. हवालदार जरा बरा होता. त्याने कागद लिहिता लिहिता विचारलं, "काका, इथे खाली काही आहे का हो?" बाबांनी काठी टेकवून पाहिलं. "नाही," म्हणाले, "तुम्ही लिहा निवांत." आम्हाला समज देऊन सोडलं.

विणकर मात्र कामावर परत गेले नाहीत. मालकांनी धमक्या दिल्या, घरोघर माणसं पाठवली, तरी नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते दालन खाली गेलं. आवाज फारसा झाला नाही म्हणे. शेजारच्या खानावळीतल्या लोकांना वाटलं, मोठ्या गाडीतून वाळू ओतली. आम्ही तोवर पुढच्या गावी पोचलो होतो. वर्तमानपत्रात चित्र आलं: परकाराने काढावं तसं गोल भोक, आणि रस्त्याच्या कडेला, अगदी काठावर, आमची चुन्याची रेघ जशीच्या तशी. साठ माग आणि एकही माणूस नाही.

त्यानंतर लोक आमच्याबरोबर चालू लागले. गिरणीतल्या बायका आल्या, बेकरीवाली आली, कुठून कुठून माणसं आली. दोनशेच्या वर झाली. बाबा वैतागले. "एवढ्या पायांच्या गर्दीत ऐकू काय येणार, डोंबल?" मग लोकांनी रीत लावून घेतली. बाबांनी हात वर केला की सगळे जागच्या जागी थांबायचे. भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, दोनशे माणसं श्वास रोखून उभी. गाडीवाले काचा खाली करून बघायचे आणि काहीही न विचारता काचा वर घेऊन जायचे.

गिरणी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला रस्त्यावर डाग दिसले. डाव्या पायाचा प्रत्येक ठसा ओला. मी पट्टी सोडली तर टाचेला आरपार भेग, काठ काळे पडलेले. "दुखलं नाही?" मी विचारलं.

"आठवडा झाला, टाच काही बोलत नाहीये," ते म्हणाले. "मी कानावरच भागवतोय."

गावच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आज थांबलात तर पाय वाचेल. पुढे गेलात तर मी काही सांगू शकत नाही. मी बाबांवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हाला हौतात्म्य हवंय का, म्हटलं. नवऱ्याला फोन लावला आणि त्यांच्या कानाला दिला. तो काय म्हणतोय हे मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं.

"बाबा, परत या. मी पंप बंद केले. सहाही. बटणांच्या फळीला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली. पातळीची खरी वही माझ्याकडे आहे, ती घेऊन मीच येतो राजधानीला. तुम्ही गाडीत बसा."

बाबा म्हणाले, "शाबास." आणि मग, "आज तू बंद केलेस. उद्या दुसरा कोणीतरी सुरू करील. अजून सात दिवसांची वाट ऐकायची राहिलीय."

मी त्यांना अडवू शकले असते. बसस्थानक समोरच होतं, आणि ते इतके थकले होते की मी हात धरून बसवलं असतं तर बसले असते. पण तावावर एकशे बारा ठिपके झाले होते, आणि वरचा चौथा भाग कोरा होता. तो कोरा भाग मलाही बघवत नव्हता. हे मी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. मी पट्टी बांधली, घट्ट, आणि आम्ही निघालो.

सव्विसाव्या दिवशी पोचलो. दोन दिवसांनी सुनावणी झाली. मोठी खोली, लांब टेबल, टेबलामागे अधिकारी बाई. एका बाजूला कारखान्याचे वकील, दुसऱ्या बाजूला मी, नवरा आणि खुर्चीत बाबा, डावा पाय स्टुलावर. नवऱ्याने वही ठेवली. मी ताव जोडून टेबलभर पसरले. एकशे त्रेचाळीस ठिपके, चारशे दहा किलोमीटरभर सांडलेले.

वकील म्हणाले, "हे यंत्राने मोजलेलं नाही. एका वृद्ध गृहस्थांनी ऐकलेलं आहे."

अधिकारी बाई नकाशावर वाकल्या. बोट फिरवत फिरवत वरच्या टोकाशी आल्या. "हा शेवटचा ठिपका कुठला?"

"तो सकाळचा आहे," बाबा म्हणाले. "तुमच्या फाटकातून आत येतानाचा."

वकिलांनी दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांड्यावर उचलून घेतले. स्वतःच्या नकळत, मला वाटतं.

नव्या विहिरींची परवानगी नाकारली गेली. जुन्या विहिरींचा उपसा यंत्राने तपासणी होईतो थांबवला. तपासणीला आठ महिने लागले. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकतीस जागी पोकळी निघाली, आणि मग सबंध पट्ट्यावरचे मोठे पंप बंद झाले. बाबांचा डावा पाय सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरूण उचलून पाहिलं, पुन्हा नीट टाकलं आणि नवऱ्याला म्हणाले, "जेवलास का?" नवरा बाहेर जाऊन रडला.

माझी जागा भरली गेली होती. नवऱ्याची तर गेलीच, वर किल्लीचा खटला दोन वर्षं चालला. आमच्या गल्लीतली चौदा घरं रिकामी करून भोवती कुंपण घातलं. आता आम्ही टेकडीवर, काळ्या खडकावर, दोन खोल्यांत राहतो. बाबा खिडकीशी बसतात आणि पाय नसलेल्या जागी खाज सुटते म्हणून कुरकुरतात.

भूजल खात्याने मला पातळी मोजायचं काम दिलं. महिन्यातून एकदा मी कुंपणाचं कुलूप काढून आत जाते आणि गल्लीच्या टोकाच्या विहिरीत फीत सोडते. पहिलं सबंध वर्ष आकडा हलला नाही. दुसऱ्या वर्षी चार बोटं वर आला. गेल्या महिन्यात हातभर.

त्या दिवशी बाबांना मी चाकाच्या खुर्चीतून बरोबर नेलं होतं. फीत गुंडाळत असताना मला वाटलं कोणीतरी गुणगुणतंय. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आवाज घरांतून येत होता, चौदाही घरांतून, एका सुरात, खोल. कुठल्यातरी खिडकीचा जुना पडदा बाहेरच्या बाजूला फुगला होता, आणि वारा तर अजिबात नव्हता.

मी बाबांच्या खुर्चीचा दांडा घट्ट धरला. त्यांनी मान कलती करून ऐकलं, डोळे मिटून, बराच वेळ.

"मोऱ्यांतून येतंय," ते म्हणाले. "पाणी वर चढतंय ना खाली. आतल्या हवेला कुठूनतरी बाहेर पडावं लागणारच."

"भीती वाटते हो, बाबा."

"वाटू दे," ते म्हणाले. "आकडा लिहिलास का?"

मी आकडा लिहिला, तारीख घातली. गुणगुण चालूच होती. आम्ही ती आणखी थोडा वेळ ऐकली, मग मी खुर्ची वळवली आणि कुंपणाचं कुलूप लावलं.